इम्युनिटी वाढवायची म्हणे, पण फायदा कुणाचा?

२०२१ चा एप्रिल आठवतोय ना पुण्यातला? एकीकडे घराघरात काढा उकळत होता, सुंठ, मिरी, गुळवेल, कारण इम्युनिटी वाढवायची होती, आणि दुसरीकडे त्याच घरातला पोरगा टोसिलिझुमॅबच्या एका इंजेक्शनसाठी सगळ्या शहरात फोन फिरवत होता. आता हे टोसिलिझुमॅब करतं काय तर आपल्याच इम्युनिटीचा एक सिग्नल बंद करतं, इंटरल्युकिन-६ चा. म्हणजे स्वयंपाकघरात इम्युनिटी वाढवणं चालू आणि आयसीयूत तीच कमी करणं चालू, एकाच घरात, एकाच आठवड्यात. हे विचित्र आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नाही, मलापण नाही, जीव टांगणीला लागलेला असताना असलं कुठे सुचतं.

पण त्या दोन महिन्यात ‘सायटोकाइन’ (म्हणजे पेशी एकमेकींना पाठवतात ते असले सिग्नल) हा शब्द पेठेतल्या आज्जींपर्यंत पोचला, त्यामुळे आता मला जे लिहायचंय ते थोडं सोपं झालंय.

विषय एचआयव्हीचा आहे. माझा एक मित्र बरीच वर्षं पॉझिटिव्ह आहे, सरकारी सेंटरमधून गोळी घेतो, नोकरी करतो, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस, मोजता येणार नाही इतका खाली. मागच्या पावसाळ्यात त्याच्या ताईने त्याला दोन बाटल्या आणून दिल्या, एक सिरप आणि एक गोळ्यांची, दोन्हीवर मोठ्या अक्षरात ‘इम्युनिटी’. सगळे मिळून बाराशे रुपये. तिचं म्हणणं साधं होतं, रोगच इम्युनिटीचा आहे तर इम्युनिटी वाढवायला नको का? मेडिकलवाल्याने पण तेच सांगितलं होतं, "ताई, त्यांना हे द्याच, त्यांना तर जास्त गरज." मी मायक्रोबायोलॉजी शिकलेला माणूस, आता क्लासमधे पोरांना शिकवतो, तर मला विचारलं की बरोबर आहे का. मी नाही म्हटलं आणि मग का नाही ते सांगायला दीड तास गेला. ताईचं काही चुकलं नाही. एचआयव्हीची इतकी वर्षं झाली तरी आपण लोकांना अर्धीच गोष्ट सांगितलीये, ‘हा व्हायरस इम्युनिटी कमी करतो’ एवढीच, आणि त्या अर्ध्या गोष्टीवर आख्खा धंदा उभा आहे. उरलेली अर्धी ही की हा व्हायरस इम्युनिटीला चेतवतो आणि त्या चेतवण्यावरच जगतो.

आधी तो पेशीत काय करतो ते बघा. सीडी४ पेशीत (इम्युनिटीच्या टी पेशींची एक जात) घुसला की तो स्वतःची प्रत पेशीच्या डीएनएमधे शिवून टाकतो आणि मग पुष्कळदा गप्प बसतो. पेशी झोपलेली तर व्हायरस झोपलेला. आता गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल पथकांचा सराव चालतो तो डोळ्यासमोर आणा, पन्नास जण ढोल बांधून नुसते उभे असतात, ताशा कडकडला की सगळे एकदम सुटतात. इथे ताशा म्हणजे सायटोकाइन, त्यातला सगळ्यात जोरात वाजणारा टीएनएफ-अल्फा. शरीरात कुठे जंतू दिसला की मॅक्रोफेज वगैरे जंतू गिळणाऱ्या पेशी टीएनएफ सोडतात, तो दुसऱ्या पेशीच्या दारावर येऊन बसतो, आत निरोप जातो. आत एनएफ-कप्पा-बी नावाचं एक प्रोटीन दुसऱ्या एका प्रोटीनने धरून ठेवलेलं असतं, निरोप आला की धरणारं प्रोटीन मोडतं आणि हे सुटून थेट केंद्रकात जातं, डीएनएवर ठरलेल्या जागी बसतं आणि संरक्षणाचे जीन्स चालू करतं. सैनिक उठवायची ही आपली नेहमीची पद्धत.

घोळ इथेच आहे. एचआयव्हीने स्वतःच्या जीन्सच्या सुरुवातीला, ज्याला एलटीआर म्हणतात तिथे, एनएफ-कप्पा-बी बसायच्या अगदी तशाच जागा ठेवल्यात. म्हणजे पेशीने सैनिक उठवायला भोंगा वाजवला की त्याच भोंग्याने हा पण उठतो, त्याचं टॅट नावाचं प्रोटीन तयार होतं आणि एकदा टॅट तयार झालं की ते कॉपी करायचा वेग इतका वाढवतं की मग भोंगा बंद झाला तरी फरक पडत नाही. घरचा भेदी म्हणतात तो हा.

हे काही कालचं संशोधन नाही. १९८७ मधे गॅरी नेबेल आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी टी पेशीत एनएफ-कप्पा-बी एचआयव्हीला कसं चालू करतं ते दाखवलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेत अँथनी फाउची यांच्या लॅबमधून आलं की गप्प बसलेल्या इन्फेक्टेड पेशींवर सायटोकाइन्स टाकले की व्हायरस बाहेर पडायला लागतो. कोविडमुळे आपल्याकडे जे फाउची माहीत झाले तेच हे. १९८६ मधे चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन यांच्या टीमने भारतातल्या पहिल्या केसेस शोधल्या, म्हणजे आपल्याला रोग कळला त्याच्या पुढच्या वर्षीच त्याची ही खोड जगाला कळली होती. आणि चाळीस वर्षं होत आली तरी मेडिकलच्या काउंटरवर "त्यांना जास्त गरज".

आता आपल्या जवळचा मुद्दा. भारतात जो एचआयव्ही आहे तो बहुतेक सगळा सबटाइप सी, अमेरिका-युरोपात जास्त करून सबटाइप बी. बी मधे एनएफ-कप्पा-बी बसायच्या जागा साधारण दोन, आपल्या सी मधे तीन. आणि बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधे उदयकुमार रंगा यांच्या टीमने दाखवलं की भारतात चार जागा असलेले व्हायरस पण दिसायला लागलेत आणि त्यांचं प्रमाण वाढत गेलंय. चार बेल लावलेलं दार म्हणा, कुणीही कुठलीही बेल दाबा, आतला उठणार. म्हणजे सिग्नल आणि व्हायरसच्या या नात्याची काळजी जगात कुणी करावी तर आपण. भोसरीत १९९२ पासून राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी आहे (आता तिचं नाव बदललंय), ससून हॉस्पिटलच्या आवारात बीजे मेडिकलवाले जॉन्स हॉपकिन्सबरोबर किती वर्षं एचआयव्ही-टीबीवर ट्रायल्स करतायत, म्हणजे या विषयावर दुनियेला शिकवू शकतील अशी माणसं पीएमपी बसच्या एका तिकिटात भेटतील, आणि तरी शहराला यातलं काही कळलेलं नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं, पुणेकर एरवी मिसळीपासून मेट्रोपर्यंत सगळ्याचे एक्स्पर्ट असतात.

कुणी म्हणेल मग सगळे सिग्नल वाईट, सगळे बंदच करून टाका. तसं अजिबात नाही. १९९५ मधे रॉबर्ट गॅलो आणि पाओलो लुसो यांच्या टीमला सीडी८ पेशी (इम्युनिटीच्याच दुसऱ्या पेशी) सोडतात असे तीन केमोकाइन, म्हणजे तसलेच सिग्नल, सापडले, रँटेस आणि एमआयपी-१ चे दोन भाऊ अल्फा-बीटा, हे तिघे एचआयव्हीला अडवतात. कसे ते पुढच्या वर्षी कळलं, पेशीत शिरायला व्हायरसला सीसीआर५ नावाचं दार लागतं आणि हे तिघे आधीच त्या दारात बसलेले असतात. याच दारावरून पुढे २००७ मधे मॅराविरॉक हे औषध आलं. म्हणजे एक सिग्नल व्हायरसला उठवतो, दुसरा त्याला दारातच अडवतो.

आणि इंटरफेरॉन तर दोन्हीकडून बोलतो. सुरुवातीच्या दिवसात तो पेशीत व्हायरसविरोधी प्रोटीन्स तयार करतो, मदतच करतो, पण महिनोनमहिने चालू राहिला की सगळी इम्युन सिस्टीम दमून जाते. आफ्रिकेत सूटी मँगबे नावाचं माकड आहे, त्यांच्यात एचआयव्हीचा चुलतभाऊ एसआयव्ही असतो, रक्तात भरपूर असतो, आणि तरी त्यांना सहसा एड्स होत नाही. कारण शोधायला गेले तर काय दिसलं, इन्फेक्शन झाल्यावर त्यांचा पण इंटरफेरॉन जोरात वाढतो पण काही आठवड्यात तो खाली आणला जातो. माकडाची इम्युनिटी आपल्यापेक्षा जास्त नाहीये हो, तिला गप्प कधी बसायचं ते कळतं! मला वाटतं आख्ख्या एचआयव्ही विज्ञानात ‘इम्युनिटी वाढवा’ला याच्याएवढं सणसणीत उत्तर दुसरं नाही.

बरं, वाढवून बघितलंच नाही असंही नाही. इंटरल्युकिन-२ हा टी पेशी वाढवणारा सिग्नल, तो इंजेक्शनने दिला की सीडी४ वाढतात हे माहीत होतं, मग एस्प्रिट आणि सिल्कॅट अशा दोन मोठ्या ट्रायल झाल्या, मिळून साधारण ५८०० लोक, वर्षानुवर्षं फॉलोअप. २००९ ला निकाल आले. सीडी४ वाढले, छान वाढले, रिपोर्ट बघून कुणीही पेढे वाटले असते. पण आजार कमी झाले नाहीत आणि मृत्यूपण कमी झाले नाहीत. शुद्ध औषध, मोजलेला डोस, डॉक्टरांची फौज, आणि फायदा शून्य. आता मला सांगा बाराशेच्या सिरपने जे होणार आहे ते याच्यापेक्षा चांगलं होईल का. सीडी४ चा आकडा म्हणजे तब्येत नाही हे तेव्हाच कळलं, पण आपल्याकडे अजून "त्याचा सीडी४ किती?" हे लग्नाच्या बैठकीत पगार विचारल्यासारखं विचारतात.

एक गोष्ट इमानदारीने सांगायला हवी नाहीतर मी पण त्या जाहिरातवाल्यांसारखाच. ते सिरप पिऊन टीएनएफ भडकेल आणि व्हायरस उठेल असं मी म्हणत नाहीये, बहुतेक सिरप पोटात जाऊन काहीच करत नाहीत. आणि जो रोज गोळी घेतोय त्याच्यात एखादी पेशी उठली, व्हायरस बाहेर पडला, तरी गोळी त्याला पुढच्या पेशीत शिरूच देत नाही. उलट शास्त्रज्ञ तर मुद्दाम त्याला उठवायला बघतात, झोपलेल्या पेशी उठवून संपवायच्या, त्यासाठी इंटरल्युकिन-१५ सारखे सिग्नल वापरून बघितलेत, पण अजून तरी त्याने कुणी बरं झालेलं नाही. झोपलेला साठा गोळीने इतका हळू कमी होतो की निम्मा व्हायला ४४ महिने, तो हिशोब मांडला तर पूर्ण संपायला ७३ वर्षं. म्हणून गोळी सोडायची नाही, सोडली की बहुतेकांमधे दोन-चार आठवड्यात व्हायरस परत.

तर मग गोळी चालू, लोड शून्यासारखा, प्रॉब्लेम संपला का? माझा खरा मुद्दा इथून चालू होतो. भोंगा बंद होत नाही. एचआयव्ही पहिल्या काही आठवड्यात आतड्यातल्या सीडी४ पेशींचा फडशा पाडतो, आतड्याची भिंत गळकी होते आणि तिथल्या बॅक्टेरियाचे तुकडे रक्तात झिरपत राहतात, हे २००६ मधे दाखवलं गेलं. हे तुकडे दिसले की मॅक्रोफेज परत टीएनएफ, परत इंटरल्युकिन-६. गोळीने हे कमी होतं पण बऱ्याच जणांत पूर्ण जात नाही. हळू गॅसवर वर्षानुवर्षं ठेवलेलं पातेलं आहे हे, उतू जात नाही पण बुड जळत राहतं, आणि जळतं ते रक्तवाहिन्यांचं, हृदयाचं, किडनीचं. त्याच २००६ मधे स्मार्ट नावाच्या ट्रायलचा निकाल आला, ५४७२ लोक, अर्ध्यांना सीडी४ चांगले असताना गोळीला मधेमधे सुट्टी दिली. सुट्टीवाल्यांत मृत्यू जास्त झाले आणि त्यातले बरेचसे एड्सने नव्हते. नंतर साठवलेलं रक्त तपासलं तर ज्यांचं इंटरल्युकिन-६ आणि डी-डायमर (रक्तात गुठळ्या होत असल्याची खूण) जास्त त्यांचा धोका जास्त. डी-डायमर पण कोविडमुळे माहितीये सगळ्यांना.

आणि आपल्याकडे या सगळ्यावर टीबी. टीबीचा जंतू फुफ्फुसात बसला की तिथे टीएनएफचा नुसता पाऊस, टीबीला वेढून ठेवायला तो लागतोच, तो बंद करणारी संधिवाताची औषधं घेणाऱ्यांचा दबलेला टीबी वर येतो हे २००१ पासून माहीत आहे. पण त्याच पावसात त्याच जागी एचआयव्ही तरारतो. जगभर एचआयव्ही असलेल्यांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण टीबी आहे ते उगाच नाही. आणि आयव्हरी कोस्टमधल्या टेम्प्रानो ट्रायलमधे एचआयव्ही असलेल्यांना सहा महिने आयसोनियाझिड, ही टीबीची जुनीपुराणी स्वस्त गोळी, दिल्याने मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. सिग्नल बंद करायची गरज नाही पडली, सिग्नल वाजायचं कारणच काढून टाकलं.

तर माझं म्हणणं असं आहे की एआरटी सेंटरने (एचआयव्हीची गोळी देणारं सरकारी सेंटर ते हेच) आता व्हायरस मोजण्याच्या पुढे जायला हवं. २००४ मधे सरकारने फुकट गोळी चालू केली, २०१७ पासून टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच गोळी, हे फार मोठं काम आहे, त्यावर टीका करणाऱ्याने आधी २००४ च्या आधीचे वॉर्ड आठवावेत. पण तेव्हा प्रश्न माणूस जगेल का हा होता, आता माणूस साठीला कसा पोचेल हा आहे. मी मित्राबरोबर दोनदा सेंटरवर गेलो, दोन्ही वेळा गोळ्या मोजून दिल्या, लोड बरोबर आहे म्हणाले, चला पुढचा. बीपी कुणी घेतलं नाही, साखर-कोलेस्टेरॉल विचारलं नाही, तंबाखू खातो का विचारलं नाही (खातो). त्या सिस्टरची चूक नाही, बाहेर रांग जिन्यापर्यंत होती. मग रांगेचा प्रश्न रांगेचा म्हणून सोडवा, बीपी घ्यायला एमडी लागत नाही.

आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी. २०२३ मधे रिप्रीव्ह ट्रायलचा निकाल आला, बारा देशांतले ७७६९ लोक, भारत त्यात होता, वय ४० ते ७५, गोळी चालू, हृदयाचा धोका कागदावर कमी ते मध्यम. म्हणजे नेहमीच्या हिशोबाने डॉक्टर म्हणाले असते तुम्हाला स्टॅटिन नको. त्यांना रोज पिटाव्हास्टॅटिन ४ मिलिग्रॅम दिलं तर हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे ३५ टक्क्यांनी कमी. हे कोलेस्टेरॉल उतरल्यामुळे की त्या न थांबणाऱ्या भोंग्याने आत राहिलेली सूज शांत झाल्यामुळे यावर वाद चालू आहे आणि चालू दे, पण निकाल तर निकाल आहे. माझं मत, चाळिशीच्या वरच्या प्रत्येकाशी एआरटी सेंटरने हा विषय काढलाच पाहिजे, औषध द्यायचं की नाही ते डॉक्टर आणि पेशंट ठरवतील, पण विषय निघायला हवा. पैसे कुठून आणायचे विचाराल तर ठीक, प्रश्न बरोबर आहे, पण स्टॅटिन हे जेनेरिक औषध आहे, आणि एक बायपास किती लाखाला पडते ते जनआरोग्य योजनेचे हिशोब बघणाऱ्यांना चांगलं माहितीये.

काहीजण म्हणतील हे सगळं सांगून लोकांना घाबरवताय कशाला, गोळी घेतायत तेवढं पुरे, जास्त सांगितलं की गोळी पण सोडतील. हा युक्तिवाद मला आवडत नाही. न सांगितल्याने पोकळी राहते आणि त्या पोकळीत बाटली येते. कायद्याने एड्स बरा करतो असा दावा कुठल्याच औषधाला करता येत नाही, औषध नियमांच्या शेड्यूल जे मधे पहिलंच नाव एड्सचं आहे. म्हणून बाटलीवर एड्स लिहीतच नाहीत, ‘इम्युनिटी’ लिहितात, बाकीचं काउंटरवरचा माणूस तोंडी सांगतो. कायदा कागदावरचा शब्द पकडतो, तोंडचा कोण पकडणार. माझ्या मते निदान सेंटरच्या भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा की बाहेरची कुठलीही ताकदीची गोळी आधी आम्हाला दाखवा. एक बोर्ड, बास. शंभर पॉम्प्लेट छापण्यापेक्षा स्वस्त.

कारण त्या गोळ्यांच्या बाटलीत काय होतं माहितीये? मागे बारीक अक्षरात झिंक, कॅल्शियम, मॅग्नेशियम. आणि मित्र घेतो ती गोळी डोल्युटेग्राविरवाली, जी सरकार आता बहुतेकांना देतं. हे धातू पोटात डोल्युटेग्राविरला धरून बसतात आणि औषध रक्तात कमी जातं, म्हणून एचआयव्हीची गोळी यांच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यावी लागते, फक्त कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर जेवणाबरोबर एकत्र चालते. ताई रोज सकाळी चहाबरोबर दोन्ही हातावर ठेवत होती, प्रेमाने. पंधरा दिवस. इम्युनिटीची बाटली नेमकी त्या एका औषधाच्या आड येत होती ज्याच्यावर त्याचं सगळं चाललंय.

मी हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "एवढं साधं होतं तर कुणी सांगितलं का नाही?" बाटली फोडलेली म्हणून मेडिकलवाल्याने परत घेतली नाही. सिरपमधे गुळवेल होती, गुळवेलीने लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस २०२१ मधे मुंबईच्या डॉक्टरांनी मांडल्या होत्या आणि आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नव्हतं, त्या वादात मी शिरलो नाही, नुसतं म्हटलं ठेवून द्या. पुढच्या तारखेला ती स्वतः सेंटरवर जाणार आहे त्याच्याबरोबर. बाराशेच्या बिलाच्या मागे तिने चार ओळी लिहून घेतल्यात: बीपी, साखर-कोलेस्टेरॉल, टीबीची प्रतिबंधक गोळी आधी दिलीये का, स्टॅटिन. तंबाखूचं तिने पाचवं लिहिलं, ते मी सांगितलं नव्हतं.